घोडीच्या कानात

हूफडॉर्पच्या माझ्या मैत्रिणीकडे, दिवाणखान्यात टीव्हीच्या वर, एक फोटो लावलेला आहे. चार घोडे, चार माणसं, मागे निवडुंग आणि त्याच्याही मागे फेसाळलेला समुद्र. ती आणि तिचा नवरा, मी आणि माझा नवरा. चौघांच्या डोक्यांवर तांबडी हेल्मेटं, आणि माझ्या तोंडावर असं हसू की बघणाऱ्याला वाटावं, ही बाई जन्मभर घोड्यावरूनच फिरत आली. त्यांच्याकडे गेलं की मी मुद्दाम त्या फोटोकडे पाठ करून बसायची. मैत्रिणीला वाटायचं, मला बागेकडे तोंड करून बसायला आवडतं. बाग कसली, दोन कुंड्या आणि सायकली ठेवायची शेड.

त्या फोटोची खरी हकीकत मी कुणाला सांगितली नव्हती. सांगायची नाही असं ठरलेलंच होतं, आणि ठरवणारी माझी आई होती.

आम्ही हॉलंडात, उइटहॉर्नला राहतो. मी पुण्याची, नवरा नगरचा, दोघंही कॉम्प्युटरवर बसून डोळे फोडणारे. लग्नाला तेव्हा सात वर्षं झाली होती आणि त्यातली चार आम्ही वाट बघण्यात घालवली होती. कसली वाट ते सांगायला नकोच. दर महिन्याला चार दिवस आशा, मग एक दिवस रडारड, मग पुन्हा ऑफिस. ‘गुड न्यूज कधी?’ असं विचारणाऱ्यांची यादी मी मनात ठेवली होती आणि त्या यादीत हूफडॉर्पची मैत्रीण पहिल्या नंबरावर होती. मनानं सोनं आहे हो ती, पण जिभेला हाड नाही. अलिबागची. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसते आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं मराठी बोलते.

तर एका रविवारी सकाळी त्या पट्टीवर दोन रेघा आल्या. नवऱ्याचा विश्वास बसेना. दुकान उघडल्या उघडल्या सायकल मारत जाऊन तो आणखी तीन पट्ट्या घेऊन आला. ‘एका टेस्टवर रिझल्ट धरायचा नसतो,’ म्हणे. चारही पट्ट्या ओळीनं बेसिनवर मांडल्या आणि आम्ही दोघं न्हाणीघराच्या जमिनीवर बसून राहिलो. मग आईला फोन केला. ती आधी रडली, नाक पुसलं, आणि पुढच्याच श्वासाला म्हणाली, ‘हे बघ, तीन महिने होईपर्यंत कुणाला म्हणजे कुणाला बोलायचं नाही. दृष्ट लागते.’

‘आई, अगं काय हे. कुठल्या जमान्यात आहेस?’

‘माझा जमाना राहू दे. तू तोंड बंद ठेव.’

‘सासूबाईंना तरी?’

‘त्यांना तर मुळीच नको.’

मी हसले. पण खरं सांगू? मला ते पटलंच. चार वर्षं वाट बघितल्यावर माणूस कशालाही घाबरतं. माझा दृष्टीवर विश्वास नाही, पण उगाच परीक्षा कशाला घ्या, अशातली गत.

फोनवर एक ॲप घेतलं होतं. दर सोमवारी ते सांगायचं की बाळ आता एवढं झालं. आधी खसखस, मग तीळ, मग मसूर. आठव्या आठवड्याला राजमा येणार होता, तो नवऱ्यानं आधीच बघून ठेवला आणि नाक मुरडलं. ‘राजमा काय? आपण काय दिल्लीचे आहोत? वाल म्हणू वाल. तुझ्या मैत्रिणीच्या बिरड्यात असतो तेवढा.’ मैत्रिणीच्या हातचं वालाचं बिरडं म्हणजे त्याचा जीव की प्राण. तेव्हापासून आमच्या घरात वाल. ‘वाल झोपला का?’ ‘वालाला आज काय हवंय, ढोकळा की इडली?’ एरवी दिवसाला वीस वाक्यं बोलणारा माणूस माझ्या पोटाशी तोंड नेऊन त्या वालाशी ऑफिसच्या मीटिंगांबद्दल बोलायचा.

अरुबाची, म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या डच बेटाची, सहल त्याआधीच ठरलेली होती. चौघांची तिकिटं, हॉटेल, सगळं मैत्रिणीनं हिवाळ्यातच उरकून ठेवलं होतं, आणि त्यात तिचा हट्ट एकच: घोड्यावरून जायचं आणि तिथल्या खडकांतल्या कुंडात पोहायचं. निसर्गानंच केलेलं कुंड, भोवती काळे खडक, बाहेर खवळलेला समुद्र आणि आत शांत पाणी. तिनं त्याचे इतके व्हिडिओ पाठवले होते की मला तिथला प्रत्येक दगड पाठ झाला होता. सुईणबाईला, म्हणजे इथली जी गरोदरपणात बघते तिला, मी फोनवर विमानाचं विचारलं. ती म्हणाली, खुशाल जा. घोड्याबद्दल मी विचारलंच नाही. विचारायचं कशाला, मला बसायचंच नव्हतं. पाठ धरलीये म्हणायचं आणि गाडीतून कुंडापर्यंत जायचं, हे कारण मी मनात घडी घालून ठेवलं होतं.

दहा तास विमानात बसून उतरलो तर राज्य तेच, पाट्या डच, कोपऱ्यावरचं सुपरमार्केटसुद्धा आमच्याच गल्लीतलं. आणि जमीन म्हणाल तर थेट माणदेश. निवडुंग, काटेरी झुडपं, वाऱ्यानं एका अंगाला झुकलेली झाडं आणि त्यांच्याखाली शेळ्या. ‘एवढ्या लांब येऊन शेवटी दहिवडीलाच आलो की,’ नवरा म्हणाला, आणि चौघंही पोट धरून हसलो. फक्त समुद्र तेवढा दहिवडीचा नव्हता. असा निळा मी कुठल्या साडीतही पाहिला नव्हता.

पहिल्या संध्याकाळी समुद्रावर मैत्रिणीनं सगळ्यांसाठी लिंबू घातलेली रम मागवली. मी म्हटलं, नको, ॲसिडिटी. तिनं भुवई वर केली. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला पपई होती. इथे हॉलंडात मिळते ती पपई म्हणजे साबण. मी दहा वर्षं तिच्या नावानं बोटं मोडत आलेय आणि ते मैत्रिणीला चांगलं ठाऊक आहे. ही मात्र खरी होती, केशरी, घमघमणारी. तिनं माझ्यासाठी ताटली भरून आणली, वर लिंबू पिळलं, आणि मी म्हटलं, ‘नको गं.’

तिनं चमचा खाली ठेवला. ‘काल रम नको. आज पपई नको. तुला? पपई?’ मग खुर्ची पुढे ओढून हळूच, ‘काय गं बाई, काही आहे का?’

माझ्या तोंडावर येऊन परत गेलं. देवाशपथ सांगते, ओठांपर्यंत आलं होतं. ‘असतं तर तुला नसतं सांगितलं का?’ मी म्हटलं. डोळ्याला डोळा देऊन, धडधडीत खोटं.

‘बघू बघू,’ ती हसली. ‘आज घोड्यावर बसलीस की कळेलच.’

ती आपली गंमतच करत होती, पण माझा सगळा बेत तिथेच ढासळला. आता पाठदुखीचं नाव काढलं असतं तर तिसरा नकार झाला असता, आणि तीन नकारांचा अर्थ तिला सांगावा लागला नसता. दुपारपर्यंत पुण्यापासून अलिबागपर्यंत फोन गेले असते.

घोड्यांचा तबेला गावाबाहेर होता. पत्र्याच्या छपराखाली एक लाकडी टेबल आणि त्यावर फॉर्मचा गठ्ठा, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड ठेवलेला. हृदयाचा त्रास आहे का? पाठीचं ऑपरेशन झालंय का? पोहता येतं का? गरोदर आहात का? प्रत्येकापुढे दोन चौकोन, हो आणि नाही. मैत्रिणीचा फॉर्म भरून झाला होता आणि ती हनुवटी माझ्या खांद्यावर टेकायच्या बेतात मागे उभी होती. नवरा अजून हेल्मेटांच्या रांगेत होता. मी हृदयाला नाही केलं, पाठीला नाही केलं, पोहण्याला हो केलं. मग त्या चौथ्या ओळीपाशी पेन एक क्षण थांबलं, आणि मी ‘नाही’वर फुली मारली.

एवढीशी फुली. आजही कुठलाही फॉर्म भरताना मला ती आठवते.

तबेल्याची बाई पन्नाशीची होती, उन्हानं रापलेली, डोक्यावर गवताची हॅट. तिनं एकेक फॉर्म नीट वाचला. माझा वाचून झाल्यावर तिनं वर बघितलं आणि डचमध्ये विचारलं, ‘सगळं ठीक आहे ना?’ मी म्हटलं, हो. तिनं आणखी थोडा वेळ बघितलं. मग माझ्यासाठी काढलेला तरणा तपकिरी घोडा मैत्रिणीला दिला आणि आतून एक म्हातारी करडी घोडी घेऊन आली. तिला कळलं होतं की नव्हतं, देव जाणे.

रिकीब नीट करायच्या निमित्तानं नवरा जवळ आला. ‘अगं, काय चाललंय तुझं?’

‘हळू चालेल ती. म्हातारी आहे.’

‘उतर खाली.’

‘आता उतरले तर तिला कळेल.’

‘कळू दे.’

‘आईनं सांगितलंय.’

तो मागे सरला. पुढे सहल संपेपर्यंत यावरून आमची किती भांडणं झाली त्याला हिशेब नाही. ‘मी म्हटलं होतं ना उतर!’ ‘म्हटलंस. ओढलं नाहीस.’

बाकीचे तिघं पुढे गेले. मैत्रिणीचा घोडा दुडक्या चालीनं निघाला आणि तिच्या किंकाळ्या साऱ्या माळावर ऐकू येत होत्या. मी सगळ्यांच्या मागे. एका हातात लगाम आणि दुसरा हात पोटावर. घोडीनं पाय टाकला की मी श्वास धरायची, दुसरा टाकला की सोडायची. पण ती खरंच शहाणी होती. दगड आला की थांबायची, बघायची आणि बाजूनं जायची. मला तर वाटलं, मी सायकलवरसुद्धा एवढी सांभाळून जात नाही. हळूहळू माझे खांदे सैल झाले.

वाटेत एक फाटक लागलं. माझ्या शेजारून येणारी तबेल्याची बाई ते उघडायला पुढे गेली, आणि त्या एवढ्या मोकळ्या माळावर मी आणि घोडी दोघीच उरलो. लहानपणी आमच्या घराजवळच्या महादेवाच्या देवळात आम्ही पोरी परीक्षेआधी नंदीच्या कानात बोलायचो. एक कान हातानं झाकायचा, दुसऱ्यात सांगायचं, म्हणजे ते थेट देवाला पोचतं. मला काय झालं कोण जाणे. मी पुढे वाकले, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, ‘मला दिवस गेलेत. हळू चाल गं बाई.’

तिनं कान हलवला. बस्स, एवढंच. पण मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. चार आठवडे मी ते वाक्य तोंडात धरून बसले होते, आणि शेवटी ते बाहेर पडलं होतं, तेही मराठीत, एका करड्या घोडीपाशी. फाटकाच्या पलीकडे, वाट दाखवायला पुढे गेलेल्या तबेल्याच्या माणसानं चौघांचा फोटो काढला. टीव्हीच्या वर आहे तो हाच, आणि माझं ते हसू त्या सांगण्याचं आहे.

घोडे वर बांधून आम्ही खडकांतल्या पायऱ्यांवरून खाली उतरलो. कुंड व्हिडिओत होतं त्याहून लहान होतं आणि आवाज मात्र फार मोठा. बाहेर लाट आपटायची, खडकाच्या माथ्यावरून पांढरा फवारा आत यायचा आणि सगळे ओरडायचे. आत पाणी कोमट, तळाशी पिवळे मासे. मी वयाच्या पस्तिशीत उइटहॉर्नच्या तलावावर लहान मुलांच्या शेजारच्या पट्ट्यात पोहायला शिकले. मला धड पोहता येत नाही, पण तरंगता उत्तम येतं. मी पाठीवर पडले आणि कान पाण्याखाली गेले.

सगळा आवाज बंद. वर फक्त आभाळ. मला वाटलं, मी या पाण्यात आणि वाल माझ्यातल्या पाण्यात, दोघंही असेच पडून आहोत, निवांत. मी त्याला मनातल्या मनात म्हटलं, बघ, तुझी पहिली सहल. घोडा झाला, समुद्र झाला. मोठा झालास की सांगेन, तू पण होतास. नवरा पोहत जवळ आला, पाण्याखालून माझा हात धरला आणि आम्ही तसेच राहिलो. माझ्या आयुष्यात तेवढा सुखाचा तास दुसरा नाही.

पुढचे दिवस मी दर वेळी बाथरूममधून बाहेर येताना देवाचं नाव घ्यायची. काहीही झालं नाही. आम्ही सुखरूप परत आलो. ॲपवर राजम्याचं द्राक्ष झालं आणि द्राक्षाचं जर्दाळू. दहाव्या आठवड्यात पहिली सोनोग्राफी होती.

सुईणबाई तरुण होती, हसरी. हातानं यंत्र फिरवता फिरवता तिचं बोलणं थांबलं. मी पडद्याकडे बघत होते. मला त्यातलं काय कळतंय, पण तिनं तो पडदा किंचित स्वतःकडे वळवला. तिनं यंत्र बाजूला ठेवलं, माझा हात धरला आणि सांगितलं. ठोके नाहीत. वाढ थांबलीये.

मी पहिलं वाक्य बोलले ते घोड्याबद्दल. ‘मी घोड्यावर बसले होते.’ ती म्हणाली, घोड्याचा काही संबंध नाही. मी पुन्हा म्हटलं, ‘तासभर बसले होते.’ ती म्हणाली, तुमची काहीही चूक नाही, हे असं पुष्कळदा आपोआप होतं. मी तिसऱ्यांदा म्हटलं. मला कुणीतरी ओरडायला हवं होतं. आमच्याकडची डॉक्टरीणबाई असती तर चांगली फैलावर घेतली असती. ही माझा हात सोडत नव्हती. मग तिनं कागद वळवून दाखवला. माप साडेसहा आठवड्यांचं होतं.

बाहेर आल्यावर आम्ही सायकलींपाशी उभे राहिलो. नवऱ्यानं बोटांवर मोजलं. तो असा माणूस आहे की घर जळत असताना आधी किती वाजता पेटलं ते विचारेल. ‘साडेसहा,’ तो म्हणाला. ‘म्हणजे आपण विमानात बसलो त्याच्या आठ-दहा दिवस आधीच. अगं, ऐक, घोड्यानं नाही झालं. तू काही केलं नाहीस.’

तो मला दिलासा देत होता, हे मला आज कळतं. तेव्हा मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण त्यानं बोटांवर मोजून माझ्यावरचा दोष काढून घेतला आणि त्याच्याबरोबर तो दिवसही काढून घेतला. म्हणजे मी घोडीच्या कानात सांगितलं तेव्हा सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. कुंडात तरंगत होते तेव्हा मी एकटीच तरंगत होते. नवरा ज्याच्याशी मीटिंगांबद्दल बोलत होता तो ऐकत नव्हता, आणि ॲप आपलं दर सोमवारी खुशाल नवं फळ दाखवत होतं. दोष मला चालला असता हो. जन्मभर वागवला असता. मला तो एक दिवस हवा होता.

आईला फोन केला. ती खूप रडली. मग नाक पुसून म्हणाली, ‘एक बरं झालं, कुणाला सांगितलं नव्हतं.’

मी फोन ठेवला. बरं झालं? कुणाला सांगितलं नव्हतं म्हणून कुणी भेटायलाही येणार नव्हतं. ज्याचं असणंच कुणाला ठाऊक नाही, त्याचं जाणं कुणाला सांगायचं? ऑफिसला आजारी असल्याचं कळवलं. इथे काय झालंय ते विचारायची पद्धत नाही, त्यामुळे तिकडूनही सुटका. आठवडाभर मी पडदे लावून बसले. जे व्हायचं होतं ते घरीच झालं. नवरा गरम पाण्याची पिशवी भरून द्यायचा आणि माझ्या मागे उभा राहायचा. माझ्या फोनवरचं ते ॲप त्यानं काढून टाकलं, न विचारता. मग सोमवारी इस्त्री केलेला शर्ट घालून ऑफिसला गेला. एक टिपूस गाळलं नाही त्यानं. मी मनात म्हटलं, दगड आहे हा माणूस.

मैत्रीण मात्र आली. दोन बस बदलून, डब्यात मऊ भात आणि मेतकूट घेऊन. ‘अरुबाचं पाणी बाधलंय तुला,’ ती म्हणाली, ‘तरी मी म्हणत होते, नळाचं पिऊ नकोस.’ माझ्या पायांवर पांघरूण घातलं आणि तो फोटो दाखवला. फ्रेम करायला टाकलाय म्हणाली. मी मूग गिळून गप्प बसले आणि तिचा मऊ भात खाल्ला.

त्यानंतर तो विषय आमच्या घरात निघाला नाही. वाल हा शब्दसुद्धा नाही. ऋतू बदलले. एका रविवारी मैत्रिणीनं दुपारी जेवायला बोलावलं. तिचा नवरा कामासाठी मास्ट्रिख्टला गेला होता, आम्ही तिघंच. मी नेहमीसारखी फोटोकडे पाठ करून बसले. तिनं मोठ्या कौतुकानं पातेलं आणून टेबलाच्या मध्यावर ठेवलं. ‘आईनं पिशवीभर पाठवलेत अलिबागहून. तीन दिवस खपतेय, भिजवा, मोड आणा, सकाळपासून सोलत बसलेय. खास भावजींसाठी.’ आणि झाकण काढलं.

बिरडं. ओल्या नारळातलं, हिरवंगार.

तिनं पहिला डाव नवऱ्याच्या ताटात वाढला. मी बघितलं तर तो त्या ताटाकडे टक लावून बसला होता. हात मांडीवर. मैत्रीण म्हणाली, ‘काय भावजी, घ्या ना.’

‘मला नको,’ तो म्हणाला.

‘नको? तुम्हाला? बिरडं?’ ती खो खो हसायला लागली. ‘काय, डोहाळे लागलेत की काय?’

त्यानं खुर्ची मागे सारली आणि तो मागच्या दारानं बागेत गेला. मी काचेतून बघत होते. सायकलींच्या शेडपाशी आमच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि शेडच्या फळीवर हात टेकला. त्याचे खांदे हलत होते. इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदा त्याला रडताना बघत होते, आणि मी त्याला दगड म्हटलं होतं.

‘अगं, काय झालं त्यांना?’ मैत्रीण घाबरली. ‘माझं काही चुकलं का?’

आणि मी सांगितलं. कसं तोंड उघडलं मला माहीत नाही. म्हटलं, ‘अरुबाला गेलो तेव्हा मला दिवस गेले होते. तू पपई दिलीस तेव्हा मी खोटं बोलले. आल्यावर पाणी नव्हतं बाधलं. ते गेलं होतं.’

ती हातातला डाव तसाच धरून उभी राहिली. मग हळूच खुर्चीवर बसली. ‘काही म्हणायचात का त्याला?’ तिनं विचारलं.

‘वाल.’

तिनं पातेल्याकडे बघितलं, मग नवऱ्याच्या ताटाकडे. तिच्या तोंडातून एक हुंदका असा फुटला की मीच दचकले. जिच्या जिभेला हाड नाही ती बाई पदराचाही पत्ता नसताना ओढणीत तोंड खुपसून रडायला लागली. आमच्या वालासाठी परकं माणूस रडत होतं. रडता रडताच तिनं वर बघितलं. चेहरा पांढरा पडला होता. ‘मी म्हटलं म्हणून बसलीस ना घोड्यावर? घोड्यावर बसलीस की कळेल, असं मीच म्हटलं होतं. होता ना तो तेव्हा? तेव्हा होता ना पोटात?’

आता मी काय सांगायचं? साडेसहा आठवड्यांचं माप सांगितलं असतं तर तिच्या मनावरचं ओझं तिथल्या तिथे उतरलं असतं. आणि ते सांगायचं म्हणजे माझ्याच तोंडानं म्हणायचं, की नव्हता.

मागचं दार उघडं होतं. नवरा उंबऱ्यात उभा होता, डोळे लाल. त्यानं सगळं ऐकलं होतं. ज्यानं सायकलींपाशी उभं राहून बोटांवर दिवस मोजले होते, तोच हा माणूस. तो आत आला, टीव्हीवरच्या त्या फोटोकडे त्यानं एकदा बघितलं आणि मैत्रिणीला म्हणाला, ‘घोड्यानं काही झालं नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.’

मग माझ्याकडे बघून म्हणाला, ‘पण होता तो. आपल्याबरोबरच होता.’